वादळाच्या कोणत्या बाजूला?

२०२० सालच्या ३१ मे रोजी अरबी समुद्राच्या हवामान-नकाशावर एकाच वेळी दोन प्रणाली दिसत होत्या. एक ओमान आणि येमेनच्या किनाऱ्याला लागून असलेला अवदाब (कमी दाबाच्या क्षेत्राच्या पुढची पायरी), आणि दुसरे आग्नेय अरबी समुद्र व लक्षद्वीप परिसरात तयार झालेले कमी दाबाचे क्षेत्र, जे पुढे ‘निसर्ग’ चक्रीवादळ झाले. पहिल्या प्रणालीची आम्हाला चिंता नव्हती, कारण ती तिकडच्या कोरड्या जमिनीजवळ विरत चालली होती. दुसरीविषयी मात्र भारतीय हवामान विभागाने सुरुवातीलाच सांगितले होते, की ती तीव्र होत उत्तरेकडे सरकेल आणि ३ जूनच्या सुमारास उत्तर महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्याजवळ पोचेल. मे-जून हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा हंगामच आहे. मोसमी वारे पूर्ण जोर धरण्याआधीच्या या काळात पाणी तापलेले असते आणि वरच्या व खालच्या थरांतल्या वाऱ्यांमधला फरक अजून फारसा वाढलेला नसतो, त्यामुळे ढगांचा उभा मनोरा मोडून न पडता टिकतो. चक्रीवादळाला समुद्राचे तापमान साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर लागते. त्या आठवड्यात आमच्या समोरचे पाणी तीस अंशांच्या पुढे होते.

मी अलिबाग तालुक्यात थळला राहते आणि माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. हवामानाच्या नोंदी ठेवण्याचा छंद जुना आहे. घरात एक अ‍ॅनेरॉइड वायुदाबमापक, अंगणात पर्जन्यमापक आणि कौलांवर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा बाण, एवढीच माझी वेधशाळा. असाच छंद असलेले आणखी तिघे ओळखीचे आहेत. एक दापोलीत आंब्याची बाग सांभाळतात, एक मुरूडजवळ राहणारे निवृत्त गृहस्थ आहेत, आणि तिसरा पुण्यातला तरुण मित्र हवामानाचा अंदाज गणिताने काढणाऱ्या संगणकीय प्रारूपांचे नकाशे वाचण्यात तरबेज आहे. आम्ही अंदाज वर्तवत नाही. तो हवामान विभागाचा अधिकार आहे आणि त्यांच्याकडे जी साधने आहेत त्यांच्या शतांशानेही आमच्याकडे नाहीत. विभागाने दिलेला अंदाज नीट समजून घ्यायचा, आपल्या गावापुरता त्याचा अर्थ लावायचा आणि प्रत्यक्ष जे घडते ते टिपून ठेवायचे, एवढेच आम्ही करतो.

माझे काम आलेखाच्या कागदावर चालते. १ जूनला पहाटे साडेपाच वाजता कमी दाबाच्या क्षेत्राचे अवदाबात रूपांतर झाले होते आणि केंद्र १३ अंश उत्तर अक्षांश व ७१.४ अंश पूर्व रेखांशाच्या जवळ होते, म्हणजे पणजीच्या नैऋत्येला सुमारे ३७० किलोमीटर आणि मुंबईच्या दक्षिण-नैऋत्येला सुमारे ६९० किलोमीटर. मी कागदावर पहिला ठिपका दिला. अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा असतो, आणि आपल्या भागात रेखांशाचा एक अंश त्याहून थोडा कमी भरतो. एवढे लक्षात ठेवले की पुढचा ठिपका आल्यावर वेग आणि दिशा काढायला पट्टी पुरते. आकडे संगणकावर आयते मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असे पुण्याचा मित्र दर वेळी विचारतो. माझा अनुभव असा, की हाताने ठिपका दिला म्हणजे आधीच्या ठिपक्याकडे पाहावेच लागते, आणि वादळ वळायला लागले आहे की नाही हे दोन ठिपक्यांतूनच कळते. प्रणाली आधी उत्तरेकडे सरकत होती, म्हणजे अक्षांश वाढत होते आणि रेखांश जवळपास जागच्या जागी होते. ज्या क्षणी रेखांश वाढू लागतील, त्या क्षणी तिने आपल्याकडे तोंड फिरवले असे समजायचे.

ती वळणार हे जवळपास सर्वांनाच मान्य होते. वादळ स्वतःच्या इच्छेने चालत नाही. वातावरणाच्या मधल्या आणि वरच्या थरांतले मोठे प्रवाह त्याला ढकलतात. या वेळी पूर्वेच्या बाजूला वरच्या थरात जास्त दाबाचा पट्टा होता. वादळ त्याच्या पश्चिम कडेने उत्तरेकडे चढणार आणि मग कड संपताच ईशान्येकडे वळणार, असे सगळी प्रारूपे दाखवत होती. मतभेद होता तो कधी आणि किती तीव्र कोनात वळेल याबद्दल. अमेरिकी प्रारूप दिवसातून चारदा चालते आणि युरोपीय प्रारूपाच्या मुख्य आवृत्त्या दोनदा येतात. त्यांच्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असल्यामुळे साडेपाच तास मिळवून, शिवाय गणिताला लागणारा वेळ धरून, आमचा मित्र पहाटे आणि रात्री जागा राहत असे. प्रत्येक नव्या आवृत्तीत वादळाच्या मार्गाची रेघ थोडी सरकायची: एकदा डहाणूकडे, एकदा मुंबईवर, एकदा श्रीवर्धनकडे. नवख्या माणसाला यात गोंधळ दिसतो. मी मात्र रेघेकडे पाहायचे नाही असे ठरवले आहे. २०१९ च्या जूनमध्ये ‘वायू’ चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्यावर येणार म्हणून लाखो लोकांना हलवले गेले आणि ते ऐनवेळी समुद्रातच वळून गेले. तेव्हापासून एकेरी रेघेवर विसंबण्याची माझी हौस फिटली आहे.

हवामान विभाग नकाशावर रेघेभोवती जो शंकू काढतो, तो मागील काही वर्षांत अंदाजाची सरासरी किती चूक झाली यावरून आखलेला असतो. चोवीस तासांच्या अंदाजातली ही चूक अलीकडे सरासरी शंभर किलोमीटरच्या आत आली आहे आणि ही मोठीच प्रगती आहे. पण १ जूनला विभागाने सांगितलेला पट्टा हरिहरेश्वर ते दमण असा होता. हे अंतर सरळ रेषेत सुमारे २७० किलोमीटर भरते. थळ या पट्ट्याच्या दक्षिण टोकापासून फार दूर नाही. गावातल्या लोकांचा प्रश्न सोपा होता: येणार की नाही? त्याला उत्तर द्यायला आमची गरजच नव्हती, कारण ‘येणार’ हे विभागाने सांगितलेच होते. आम्हाला सतावणारा प्रश्न वेगळा होता. केंद्र थळच्या उत्तरेकडून जाईल की दक्षिणेकडून?

या प्रश्नाला एवढे महत्त्व का, हे थोडे सविस्तर सांगायला हवे. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. वादळ ज्या दिशेने चालले आहे तिकडे तोंड करून उभे राहिलो, तर उजव्या हाताच्या बाजूला फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, डाव्या बाजूला वजाबाकी. पश्चिम किनाऱ्यावर ईशान्येकडे चाललेल्या वादळाची उजवी बाजू म्हणजे दक्षिणेकडचा किनारा. तिथे वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, पाणी किनाऱ्यावर लोटतो आणि खाडीत शिरवतो. डाव्या बाजूला, म्हणजे उत्तरेकडे, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तिथे पाण्याचे भय कमी, पण वारा अशा दिशेने येतो की जिकडून तो येईल असे कोकणातल्या घराला कधी शिकवलेलेच नसते. आमची घरे नैऋत्येच्या पावसासाठी बांधलेली आहेत. पश्चिम-दक्षिणेची पडवी झापांनी किंवा ताडपत्रीने बंद केली की पावसाळ्याची बेगमी झाली असे आम्ही मानतो. पूर्वेची आणि उत्तरेची बाजू मोकळी असते, कारण तिकडून येणारा मतलई वारा पहाटेचा आणि गरीब असतो. केंद्र थळच्या उत्तरेकडून गेले तर आमची नेहमीची तयारी योग्य दिशेला होती. दक्षिणेकडून गेले तर ती सगळी पाठीमागे राहणार होती.

२ जूनला सकाळी तीव्र अवदाब झाला आणि दुपारच्या सुमारास त्याचे चक्रीवादळात रूपांतर झाले. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेला की विभाग नाव देतो. तेरा देशांनी मिळून एप्रिलमध्ये जी १६९ नावांची नवी यादी जाहीर केली होती, तिच्यातले ‘निसर्ग’ हे पहिले नाव, बांगलादेशाने सुचवलेले. त्याच दिवशीच्या पत्रकात पट्टा तोच राहिला, पण त्याच्यापुढे ‘अलिबागजवळ’ असे शब्द आले, आणि वेळ ३ जूनच्या रात्रीऐवजी दुपारची झाली. हा बदल माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा होता. रात्री येणारे वादळ दुपारी येणार म्हणजे तयारीतले कितीतरी तास कमी झाले, पण उजेडात येणार हेही खरे.

भरतीचे गणित मात्र हिताचे निघाले. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे काढता येते. आदल्या दिवशी निर्जला एकादशी होती, म्हणजे ३ तारखेची भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमारास येऊन जाणार आणि वादळ पोचेल तेव्हा पाणी ओसरत असणार. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, त्यामुळे भरती मोठीच होती. मुंबई, ठाणे आणि रायगडच्या सखल भागांसाठी नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर उंच लाटेचा इशारा विभागाने दिला होता. वादळ रात्रीच्या भरतीला आले असते तर काय झाले असते, याचा विचार मी त्या दिवशी बाजूला ठेवला.

उपग्रहाची चित्रे आम्ही सगळेच पाहत होतो. इन्सॅट-३डी आणि ३डीआर यांची चित्रे थोड्या थोड्या वेळाने बदलत होती आणि ती पाहत बसण्याचा मोह भयंकर होता. दिवसाच्या दृश्य चित्रांत ढगांच्या फेऱ्या दिसतात, रात्री मात्र अवरक्त चित्रांवर भागवावे लागते, ज्यांत ढगांच्या माथ्याचे तापमान रंगांनी दाखवलेले असते. लाल-काळा डाग जितका मोठा तितके वादळ मोठे, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात डागाच्या आकारापेक्षा ढगांच्या पट्ट्या केंद्राभोवती किती गुंडाळल्या आहेत हे महत्त्वाचे असते. त्यावरूनच ड्वोराक नावाच्या शास्त्रज्ञाने बसवलेल्या पद्धतीने तज्ज्ञ वादळाची तीव्रता ठरवतात. २ तारखेच्या संध्याकाळी ढगांचा मुख्य गठ्ठा केंद्राच्या एका अंगाला झुकलेला वाटत होता. पुण्याच्या मित्राला त्यावरून वादळ फार वाढणार नाही असे वाटले. दापोलीच्या बागायतदारांना ते मान्य नव्हते, कारण पुढचे पाणी अजून गरम होते. पहाटेपर्यंत ते तीव्र चक्रीवादळ झाले, तेव्हा दापोलीकरांचे म्हणणे खरे ठरले.

याच काळात मोबाइलवर जे फिरत होते, त्याबद्दल न लिहिलेले बरे, पण एक गोष्ट सांगतेच. १८८२ च्या जूनमध्ये मुंबईवर चक्रीवादळ येऊन एक लाख माणसे मेली, असा मजकूर मला कितीतरी जणांनी पाठवला. ती घटना घडल्याचा काही पुरावा नाही, हे मुंबईच्या वादळांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी जुनी कागदपत्रे तपासून दाखवले आहे. खरी वादळे आठवायची तर नोव्हेंबर १९४८ चे आठवावे, किंवा ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनारा ओलांडणारे ‘फयान’, ज्यात कोकणातल्या कितीतरी होड्या परतल्या नाहीत. फयानचे नाव काढले की आमच्या कोळीवाड्यात अजूनही बोलणे थांबते. म्हणून त्या संध्याकाळी मी लोकांना फयानचीच आठवण दिली.

आमच्या शेजारचे तांडेल मासेमारी सोडून वर्षे झाली, पण समुद्र त्यांच्या डोळ्यांखालून सुटत नाही. २ तारखेला दुपारी वारा जवळपास नसताना लाटा मात्र लांब अंतराने आणि जोरात येऊन आपटत होत्या. दूरच्या वादळातून निघालेली ही लाट वाऱ्याच्या आधी पोचते. त्यांनी मला बोलावून घेतले.

“बाई, पाणी खंदेरीच्या बाहेरून येतंय. वारा कुठचा सांगितलाय?”

“काका, मला वाटतं पहिला वारा पूर्वेचा असेल. मग उत्तरेला फिरेल.”

“जमिनीवरचा? वादळात?”

मी त्यांना अंगणात उभे करून माझ्या कागदावरचे ठिपके दाखवले. हरिहरेश्वर ते दमण हा पट्टा, ‘अलिबागजवळ’ हे शब्द, आणि युरोपीय प्रारूपाच्या शेवटच्या आवृत्त्या सतत दक्षिणेकडे झुकत आहेत ही गोष्ट, या तिन्हींवरून केंद्र मुरूडच्या आसपास लागण्याची शक्यता मला जास्त वाटत होती. तसे झाले तर थळ डाव्या बाजूला. हा माझा तर्क होता, विभागाचे म्हणणे नव्हे, आणि तो चुकला तर काय करायचे हेही ठरलेले हवे, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. म्हणून आम्ही पश्चिमेचे झाप काढले नाहीत. फक्त उत्तरेच्या आणि पूर्वेच्या दारे-खिडक्यांना आतून आडणे लावली, पूर्वेकडच्या पत्र्यांवर वाळूची पोती ठेवली आणि त्या बाजूच्या खोल्यांत कोणी झोपायचे नाही असे ठरवले. तांडेलकाकांनी हेच आळीत सांगितले. त्यांच्या शब्दाला माझ्या आलेखापेक्षा जास्त वजन आहे, आणि ते असावेही. होड्या वर ओढलेल्या होत्याच. त्यांचे दोर या वेळी जमिनीच्या बाजूनेही बांधले, म्हणजे मागून येणारा वारा त्यांना पाण्यात ढकलणार नाही.

टाळेबंदी नुकती शिथिल झाली होती. बाहेरून आलेल्या माणसांसाठी परिसरातल्या शाळांत विलगीकरणाची सोय केलेली होती, त्यामुळे कच्च्या घरांतल्या लोकांना हलवायला जागा शोधणे हे एरवीपेक्षा अवघड काम झाले. ते ज्यांचे काम होते त्यांनी ते रात्री उशिरापर्यंत केले.

वायुदाबाबद्दल आता लिहिते, कारण माझ्या मते हौशी माणसाच्या हातातले सर्वांत खरे साधन तेच आहे. आपल्या अक्षांशावर हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वाधिक, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. ही चढउतार दोन-तीन हेक्टोपास्कलची (हे हवेच्या दाबाचे एकक) असते आणि इतकी नियमित असते, की शांत दिवसात काट्याकडे पाहून वेळ सांगता येते. वादळ जवळ आल्याची खूण म्हणजे नुसता दाब कमी होणे नव्हे. ज्या वेळी तो चढायला हवा त्या वेळी तो न चढणे. जुन्या दर्यावर्दी लोकांचा ठोकताळा असा, की त्या ऋतूतल्या नेहमीच्या दाबापेक्षा तीन हेक्टोपास्कलनी खाली गेला तर संशय घ्यावा, पाचांनी गेला तर वादळ जवळ आहे असे समजावे. जूनच्या सुरुवातीला आमच्याकडे काटा १००४ च्या आसपास असतो. २ तारखेला रात्री दहाला जो चढ दिसायला हवा होता तो दिसलाच नाही. ३ तारखेला सकाळी भरतीच्या वेळी काटा हजाराच्या खाली होता आणि तिथून प्रत्येक अर्ध्या तासाला उतरत गेला.

सकाळी वारा पूर्वेकडून सुटला. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, की कमी दाबाचे केंद्र डाव्या हाताला आणि किंचित पुढे असते. पूर्वेच्या वाऱ्याकडे पाठ केल्यावर माझे तोंड समुद्राकडे झाले आणि डावा हात मुरूडकडे. केंद्र नैऋत्येला, समुद्रात होते. वीज गेलेली होती, पण मोबाइलवर अजून चित्रे येत होती. कुलाब्याच्या डॉप्लर रडारवर वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, दिसू लागला होता. साडेअकराच्या सुमारास त्याचा व्यास सुमारे ६५ किलोमीटर होता आणि तो आकसत होता, म्हणजे वादळ किनाऱ्याला लागतानाही जोर धरत होते. त्यानंतर थोड्या वेळातच संपर्क तुटला.

पुढचे दोन-तीन तास माझ्याकडे फक्त वही, काटा आणि कौलांवरचा बाण होता, आणि त्यातला बाणही लवकरच वाकला. मग दिशा झाडांवरून टिपावी लागली. वारा पूर्वेवरून ईशान्येला आणि ईशान्येवरून उत्तरेला फिरत होता, म्हणजे घड्याळाच्या उलट. जहाजांवरचा जुना नियम असा आहे: वारा घड्याळाच्या दिशेने फिरत गेला तर तुम्ही वादळाच्या उजव्या, धोक्याच्या बाजूला, उलट फिरला तर डाव्या बाजूला, आणि वारा दिशा न बदलता वाढत राहिला व दाब पडत राहिला तर तुम्ही थेट वाटेत. वारा ईशान्येच्या पलीकडे गेला तेव्हा मी वहीत ‘डावीकडे’ असे लिहिले आणि खाली वेळ घातली. त्या वेळी घरात सगळ्यांना उत्तरेच्या भिंतीपासून दूर बसवले होते. उत्तरेचे पत्रे आवाज करत उचलले जात होते आणि वाडीतल्या पोफळी एकामागून एक दक्षिणेकडे वाकत होत्या. नारळ त्यामानाने टिकतो, कारण त्याच्या झावळ्या वाऱ्याबरोबर वळतात. पोफळ बारीक आणि उंच, ती मध्येच मोडते. आंब्याचे जुने झाड पावसाने मऊ झालेल्या जमिनीतून मुळासकट आले. वेगाचा आकडा माझ्याकडे नाही. झाडे उपटली जातात तेव्हा वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्टच्या श्रेणीत दहावी किंवा तिच्या पुढची पायरी धरतात, एवढेच मी लिहिले. काटा ९९४ पर्यंत उतरला, तिथे काही वेळ थांबला आणि मग जवळपास उतरला तितक्याच घाईने वर चढू लागला. वारा वायव्येला गेला आणि पाऊस आडवा येऊ लागला. पश्चिमेचे झाप त्या वेळी कामी आले.

विभागाच्या नोंदीनुसार ‘निसर्ग’ने अलिबागच्या दक्षिणेला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान किनारा ओलांडला, आणि त्या वेळी वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोतांत १३० पर्यंत होता. मग ते सह्याद्री ओलांडून ईशान्येकडे गेले आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत क्षीण झाले. मुंबई डाव्या बाजूला आणि लांब राहिल्यामुळे बचावली. दूरचित्रवाणीवर तेवढ्यावरून ‘वादळ टळले’ असे म्हटले गेले, ते श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड आणि दापोलीतल्या लोकांनी ऐकले नाही हे बरे. तिकडे ऐकायला वीजच नव्हती.

आम्हा चौघांना एकमेकांच्या वह्या पाहायला पुढे बरेच दिवस लागले. आमच्याकडे वीज यायला वेळ लागला, दापोलीकडे त्याहून जास्त. बागायतदारांचा निरोप आला तेव्हा त्यांनी झाडांचे काहीच लिहिले नव्हते, आधी वाऱ्याच्या नोंदी पाठवल्या होत्या. कलमे गेल्याचे नंतर फोनवर सांगितले, तेही विचारल्यावर. त्यांचा वारा आग्नेयेवरून दक्षिणेला, दक्षिणेवरून नैऋत्येला आणि मग पश्चिमेला फिरला होता, म्हणजे माझ्या बरोबर उलट, घड्याळाच्या दिशेने. त्याच दिवशी त्यांच्याही दक्षिणेला, रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्याला ‘बसरा स्टार’ नावाचे जहाज येऊन लागले होते. उजव्या बाजूचा वारा पाण्याला आणि पाण्यावरच्या वस्तूंना कुठे ढकलतो याचे याहून मोठे प्रमाण नको. मुरूडजवळच्या स्नेह्यांच्या वहीत मात्र एक वेगळीच नोंद होती. वारा आग्नेयेकडून वाढत गेला, मग एकाएकी पडला. शेजारचे लोक पत्रे गोळा करायला बाहेर पडू लागले, तेव्हा त्यांनी ओरडून सगळ्यांना आत घातले. काही वेळाने वायव्येकडून दुसरा वारा आला, आणि पहिल्या वाऱ्याने जे अर्धवट हलवले होते ते त्याने पाडले. डोळ्याच्या वाटेत असलेल्या माणसाला काय करू नये हे माहीत होते, म्हणून त्या आळीत कोणाला इजा झाली नाही. आमच्या सगळ्या खटाटोपात ही एकच गोष्ट मला निर्विवाद उपयोगाची वाटते.

मग मी तिन्ही वह्या समोर ठेवून आलेखाच्या कागदावर पुन्हा बसले. दर तासाला प्रत्येकाच्या वाऱ्याच्या दिशेवरून केंद्र कोणत्या बाजूला असेल त्याची रेघ काढायची, आणि रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठिपका द्यायचा. घर्षणामुळे जमिनीवर वारा केंद्राकडे किंचित वळलेला असतो, त्याची दुरुस्ती करावी लागते. किती करायची यावर पुण्याच्या मित्राशी बराच वाद झाला. शेवटी जो मार्ग निघाला तो विभागाने प्रसिद्ध केलेल्या मार्गाच्या थोडा दक्षिणेला पडला. माझ्या मते तो दोष आमच्या दिशांचा आहे, कारण झाडांवरून दिशा टिपताना आठ दिशांच्या पलीकडे बारकाई शक्य होत नाही. मित्राच्या मते पसरट डोळ्याला एक बिंदू मानणेच चुकीचे. तो मुद्दा अजून मिटलेला नाही.

पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ आले. ते निसर्गपेक्षा पुष्कळ मोठे होते, पण किनाऱ्याला समांतर समुद्रातूनच उत्तरेकडे गेले आणि १७ मेच्या रात्री दीवजवळ गुजरातच्या किनाऱ्याला लागले. केंद्र आमच्या पश्चिमेकडून जाणार हे आधीपासून स्पष्ट होते, म्हणजे या वेळी संपूर्ण कोकण उजव्या बाजूला. वारा आग्नेयेवरून दक्षिणेला आणि मग नैऋत्येला फिरणार आणि पाणी किनाऱ्यावर येणार. आदल्या दिवशी तांडेलकाका स्वतःच अंगणात आले आणि वाऱ्याकडे पाठ करून डावा हात समुद्राकडे लांबवून उभे राहिले. “बाई, या वेळी दोर समुद्राच्या बाजूने, आणि होड्या रस्त्यापर्यंत,” असे म्हणाले. कागद पाहण्याची त्यांना गरज वाटली नाही. दापोलीच्या बागायतदारांनी तोवर वाऱ्याचा वेग मोजणारे छोटे यंत्र घेतले होते, पण ते त्यांनी घराच्या आडोशाला बसवले असल्याने त्याचे आकडे धरायचे की नाहीत, याची चर्चा आम्ही अजून करत आहोत.